बिनमुठीची खुर्ची

माझ्या चाकांच्या खुर्चीला मागे दोन मुठी होत्या आणि त्या दोन मुठींवर अख्ख्या कुंभकोणमचा हक्क होता.

आमच्या गावात देवळं इतकी, की वर्षभर कुठल्या ना कुठल्या देवाचा रथ रस्त्यावर असतोच. रथ निघाला की दोराला हात लावायचा, चार पावलं ओढायचं आणि पुण्य घेऊन घरी जायचं, ही इथल्या माणसांची लहानपणापासूनची सवय. त्यामुळे मी रस्त्यात क्षणभर थांबले, की मागून कुणीतरी "अय्यो पावम्" म्हणत मुठी धरायचं आणि ढकलायला लागायचं. पावम् हा तमिळ शब्द मोठा सोयीचा आहे. त्याचा अर्थ बिचारी असाही होतो आणि पाप असाही. मला कुठे जायचंय हे विचारायची मात्र पद्धत नव्हती. रथाला कोण विचारतं? मी लायब्ररीत जायला निघाले की पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळात पोचायची. एकदा दातांच्या डॉक्टरकडे जात होते, तर एका बाईंनी मला सरळ लग्नाच्या मांडवात नेऊन पंगतीला लावलं. दात ठणकत होता म्हणून मी नुसतं पायसमच खाल्लं, पण वाटीवर वाटी खाल्लं.

पोलिओने माझे पाय मी पावलं टाकायला शिकत होते तेव्हाच नेले. त्याबद्दल जे काही रडायचं होतं ते घरच्यांनी मी लहान असतानाच उरकून घेतलं, त्यामुळे माझ्या वाट्याला फारसं उरलं नाही. मला एवढंच वाटायचं, की निदान लायब्ररीला जायचं तर लायब्ररीतच पोचावं.

मुठींचे खरे मालक म्हणजे अप्पा, माझे वडील. तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांच्या सोसायटीत ते गिऱ्हाइकांना साड्या दाखवायचं काम करत. दिवसभर गादीवर मांडी घालून घडीची साडी मनगटाच्या एका झटक्यात उलगडायची, ती बाईच्या पायाशी जाऊन बरोबर पदरावर थांबायची. संध्याकाळच्या बसने परतले, की चहा घेऊन ते माझ्या मागे उभे राहायचे आणि आम्ही फिरायला निघायचो. शाळेत असल्यापासून कॉलेजात जाईपर्यंत हा नेम कधी चुकला नाही. आमचं सगळं बोलणं मी रस्त्याकडे बघत आणि ते माझ्या वेणीकडे बघत झालेलं आहे. माझ्या डोक्यात कोंडा झाला की सगळ्यांत आधी त्यांना कळायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ समजणार नाही. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले आणि परत जायचे राहून गेले. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर तमिळ, अशी वाटणी आहे. ती कुणी ठरवली नाही, पण कुणी मोडलीही नाही. अंगात सदरा नसताना रस्त्यावर जायला जसं अवघडल्यासारखं होतं, तसं अप्पांना बाहेर मराठी बोलताना व्हायचं. नुसतं बोलताना नाही, ऐकतानासुद्धा. उंबरठा ओलांडला की त्यांचे कान तमिळ होत. आणि आमची घरातली मराठी तरी कसली! ही जी मी आता लिहिते आहे, ती मी नंतर मासिकं वाचून शिकले.

तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका बँकेने पुण्याच्या एका साहेबांची बदली आमच्या गावात केली. ते आधी सैन्यात होते. तिकडे जीप उलटून पाठीचा कणा दुखावला आणि तेही माझ्यासारखे खुर्चीत आले. अप्पा काही कामासाठी बँकेत गेले होते तिथे त्यांनी साहेबांना पाहिलं, आणि घरी आले ते भूत पाहिल्यासारखे.

"त्यांच्या खुर्चीस मागें मुठीच नाहींत गे!" अप्पा माझ्या आईला, अम्माला, सांगत होते. "धरायचें कोठें?"

"धरायचें कशास?" मी म्हटलं.

 हा प्रश्न अप्पांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी हट्ट करून बँकेत गेले. अर्थात अप्पांनी ढकलत नेलं म्हणून गेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यांकडे पाहिलं, आणि तमिळ येत नसल्यामुळे इंग्रजीत विचारलं, की टेनिस खेळणार का. मी मराठीत म्हटलं, "तें काय मज येणार?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. कुंभकोणमच्या बँकेत समोरची पोरगी मराठी बोलते, आणि तीही एखाद्या बखरीतली, याचा त्यांना धक्का बसला. नंतर कितीतरी दिवस ते माझ्याकडून वाक्यं काढून घेत आणि एकटेच हसत. मी त्यांना सर म्हणायला लागले.

पट्टीश्वरमच्या रस्त्याला एक भाताची गिरणी होती. तिच्यामागे भात वाळवायचं सिमेंटचं मोठं अंगण होतं. संध्याकाळी कामकरी बायका भाताचे ढीग करून त्यांवर ताडपत्री टाकत आणि अंगण मोकळं होई. सरांनी गिरणीच्या मालकाला काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने अंगण दिलं. पोत्यांच्या दोन थप्प्या रचून त्यांच्यामध्ये व्हॉलीबॉलची जुनी जाळी ताणली. सरांकडे खेळायची वेगळी खुर्ची होती, तिची चाकं वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरपी होती. गावातला सायकलवाला ती बघून हळहळला आणि फुकटात सरळ करून देतो म्हणाला. सरांनी ती खुर्ची त्याच्यापासून महिनाभर लपवून ठेवली.

पहिल्या संध्याकाळी मी त्या तिरप्या चाकांच्या खुर्चीत बसले. हातात रॅकेट आली. अप्पा सवयीने माझ्या मागे येऊन उभे राहिले. मुठी नव्हत्या, तर त्यांनी पाठीचा कापडी पट्टाच दोन्ही हातांनी घट्ट धरला. सर जाळीपलीकडून म्हणाले, "काका, सोडा."

अप्पा हलले नाहीत.

"काका, सोडा आता. सोडा!"

अप्पांच्या चेहऱ्यावर एकदम आतिथ्य पसरलं. त्यांनी माझी खुर्ची सोडली, वळले, आणि गिरणीच्या फाटकाबाहेरच्या दुकानाकडे तरातरा निघाले. मला वाटलं, रागावून गेले. पाच मिनिटांत ते पन्नीर सोड्याच्या तीन बाटल्या घेऊन परत आले, गुलाबाच्या वासाच्या आणि थंडगार. एक त्यांनी अदबीने सरांपुढे धरली.

सरांना काही उमगेना. मला मात्र लख्ख कळलं आणि मी इतकी हसले की रॅकेट खाली पडली. पिढ्यानपिढ्यांची मराठी ज्यांच्या तोंडात होती त्या माझ्या अप्पांना, बाहेर उघड्यावर असल्यामुळे, 'सोडा' हा शब्द मराठीतून ऐकूच आला नव्हता. मी समजावल्यावर ते ओशाळले, मग बाटली उघडून त्यांनी स्वतःच पिऊन टाकली. पण त्या पाच मिनिटांत, अप्पा दुकानात असताना, मी एकटी अंगणभर एक फेरी मारून आले होते. माझ्या मागे कुणी नव्हतं. मी मुद्दाम वळून वळून खात्री करत होते.

मग खेळ सुरू झाला. खेळ कसला, फजितीच. रॅकेट हातात ठेवूनच त्याच तळव्याने चाकाची कडी ढकलायची असते. सुरुवातीला मी एकतर चाक ढकलायची नाहीतर चेंडू मारायची, दोन्ही एकदम जमायचं नाही. सर ओरडायचे, "थांबू नका! चेंडू मारला की फिरा, गोल फिरून मागे या!" थांबलेली खुर्ची पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, हे इतकी वर्षं खुर्चीत काढून मला माहीत नव्हतं, कारण जोर लावायचे ते दुसरेच. तळहातांना फोड आले. एकदा भाताच्या तुसावरून चाक घसरलं आणि मी खुर्चीसकट कोसळले. गिरणीतल्या बायका धावत सुटल्या. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि मी कोपरावर जोर देत, खुर्ची सरळ करत, शिव्या देत पुन्हा चढून बसले. शिव्या तमिळ होत्या. बायका खूश झाल्या.

मला सगळ्यांत आवडला तो नियम दोन टप्प्यांचा. चालती माणसं खेळतात तेव्हा चेंडूचा एकच टप्पा चालतो, आम्हाला दोन. दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो. अप्पांना वाटलं ही सवलत आपल्यावर दया म्हणून दिलेली आहे. मी म्हटलं, "दया नव्हे अप्पा, दोन टप्पे होईतों चेंडू कोठच्या कोठें जातो. तेथवर मज जावें लागतें." ते काही पटलं नाही त्यांना, पण गिरणीतल्या बायकांना टप्पे मोजताना ऐकून त्यांनी हळूहळू मान डोलवायला सुरुवात केली.

रेषा आखायचं काम अम्माचं. ती घरून कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पांढऱ्या भुकटीचा डबा घेऊन यायची आणि कंबरेत वाकून अशी सरळ रेषा ओढायची की सरांनी आणलेली दोरी तशीच पडून राहिली. अडचण एवढीच होती की तिला कोपरा उघडा सोडवत नसे. रेषेला रेषा मिळाली की तिचा हात आपोआप फिरायचा आणि तिथे एक छोटं कमळ उमटायचं. सरांनी दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा ते गप्प बसले, कारण तोवर अम्मा त्यांच्यासाठी डब्यातून आंबट भात आणायला लागली होती.

मग मला वाटायला लागलं, की ही संध्याकाळची मोकळीक दिवसभर का नको? एका दुपारी अप्पा कामावर असताना मी सरांबरोबर सायकलवाल्याकडे गेले आणि माझ्या रोजच्या खुर्चीच्या मुठी कापायला सांगितल्या. त्याने करवत हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. "हे पाप मला लागेल," तो म्हणाला. मी म्हटलं, "लागू दे, निम्मं मी घेते." कापलेल्या मुठी त्याने भिंतीवर टांगून ठेवल्या, न जाणो मला पश्चात्ताप झाला तर.

संध्याकाळी अप्पा आले, चहा प्यायले, चप्पल घालून माझ्या मागे आले आणि हात पुढे केले. हात रिकामेच राहिले. मला मागे दिसत नव्हतं, पण ते बराच वेळ तसेच उभे आहेत हे कळत होतं. मग ते म्हणाले, "बरें." आणि माझ्या बाजूने चालायला लागले. त्यांना बाजूने चालता येईना. एकदा पुढे जात, एकदा मागे पडत, हातांचं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून पाठीशी बांधत, पुन्हा सोडत. मला वाईट वाटलं. आनंदही फार झाला होता, तो मी त्यांच्यापासून लपवला नाही.

गावाने मात्र मोठा गहजब केला. मागून येणाऱ्यांचे हात हवेत चाचपडायचे. एका आजींनी माझे खांदेच धरून ढकलून पाहिलं. देवळाच्या दारातल्या एका मामांनी तर स्पष्ट विचारलं, की आता पुण्य कुठून मिळवायचं? मी त्यांना म्हटलं, रथाचा दोर आहे ना. पण मी आता लायब्ररीला निघाले की लायब्ररीतच पोचत होते, आणि येताना मला वाटेल त्या गल्लीत शिरत होते. त्या वर्षी मी कुंभकोणमचे असे कोपरे पाहिले, जे अप्पांनी मला कधीच दाखवले नव्हते. त्यातले काही अप्पांनी दाखवले नाहीत तेच बरं होतं.

आणि मग सरांनी मद्रासचं काढलं. तिथे देशभरातले खुर्चीवरचे खेळाडू जमणार होते. महिनाभर शिबिर, शेवटी सामने. राहायची सोय होती, पण फक्त खेळणाऱ्यांची. बरोबर कुणी आलेलं चालणार नव्हतं.

अप्पांनी सरळ नाही म्हटलं. अंगणात पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे होते, तिथूनच घरातल्या भाषेत. "तेथें तुज कोण पाहील? पडलीस तर कोण उठवील?"

"पडलें तर उठेन," मी म्हटलं. "येथें रोज उठतें."

"येथें आम्ही आहोंत."

सर मध्ये पडले नाहीत. पडली ती अम्मा. रेषेवरून मान वर न करता ती म्हणाली, "ती कशी खेळते तें तुम्हांस काय ठाऊक? तुम्ही उगे उभे राहून पाहतां. बसा त्या खुर्चींत आणि तिच्याशी खेळा. ती जिंकली तर जाईल, हरली तर घरींच बसेल."

मला वाटलं, अप्पा झटकून टाकतील. ते लगेच कबूल झाले. इतक्या लगेच, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी मनातल्या मनात बॅग भरायला लागले होते. जाण्यासाठी मी काहीही केलं असतं. मद्रास राहिलं तर पुढे हे सगळं हळूहळू बंद पडेल, सरांची बदली होईल, अंगणात पुन्हा नुसता भात वाळेल, आणि कुणीतरी भिंतीवरच्या मुठी काढून परत जोडून देईल, अशी मला भीती होती. नुसती भीती नाही, खात्रीच होती.

पुढच्या रविवारी सामना ठरला. आधी तीन गेम जिंकेल तो जिंकला. मी सरांच्या तिरप्या चाकांच्या खुर्चीत, अप्पा माझ्या बिनमुठीच्या खुर्चीत. ज्या खुर्चीमागे ते इतकी वर्षं चालले, तिच्यात ते पहिल्यांदाच बसत होते. धोतर आवरून, कपाळावरचं गंधाचं नाम सावरून ते बसले आणि चाकाला हात लावला. खुर्ची फिरून त्यांचं तोंड भाताच्या ढिगाकडे झालं. गिरणीतल्या एका बाईला राहवलं नाही. ती धावत आली आणि पाठीला हात लावून त्यांना ढकलायला लागली. अप्पा तमिळमधून किंचाळले, "विडु! विडु!" म्हणजे सोड, सोड. मी मोठ्याने हसले.

सरांनी त्यांना नियम सांगितले. टप्पे दोन. पाय जमिनीला लावून खुर्ची थांबवायची नाही. चेंडू मारताना बूड आसनावरून उचललं तर पॉइंट गेला. अप्पांनी सगळ्याला मान डोलवली.

पहिला गेम मी घेतला. दुसराही घेतला. अप्पांचे चेंडू जाळीत जात होते, नाहीतर हळूच माझ्या पुढ्यात येऊन पडत होते, आणि मी ते धाडधाड मारत होते. मला वाटलं, आपण फारच भारी खेळतो. बायका शिट्ट्या मारत होत्या. मग एक चेंडू अप्पांच्या अगदी हाताशी आला आणि त्यांनी तो जाऊ दिला. जाऊ देताना त्यांचा चेहरा जसा झाला तो मला ओळखीचा होता. लहानपणी आम्ही कवड्यांनी पल्लांगुळी खेळायचो. तेव्हा ते मला जिंकू द्यायचे आणि कवड्या कुठे गेल्या ते न समजल्यासारखं करायचे. अगदी तोच चेहरा.

मी चाकं फिरवत जाळीपाशी गेले. "अप्पा, मुद्दाम हरतां काय?"

ते चेंडूकडे बघत राहिले. "तुज जायचें आहे न्हवे? मग जा की."

"असें नको. रस्त्यांत लोक पावम् म्हणून ढकलतात, तसेंच हें. मी असें जाणार नाही."

मला खरंच राग आला होता. मद्रास हाताशी आलेलं होतं, नुसतं गप्प बसून आणखी एक गेम घ्यायचा होता, आणि मी ते स्वतःच लाथाडत होते. लाथाडायला पाय नाहीत ते सोडा, पण लाथाडत होते.

अप्पांनी रॅकेट मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तूं पडशील म्हणून नाही म्हणत नव्हतों गे. इतकीं वर्षें सांजचे मी तुजमागें चालतों. तूं गेलीस तर सांजचें मी काय करूं?"

 मला त्यांच्या संध्याकाळचा विचार कधी शिवलाच नव्हता. मला वाटायचं, माझ्यामुळे त्यांच्या संध्याकाळी गेल्या. मी रडले असते, पण रडले असते तर त्यांनी सामना तिथेच सोडून दिला असता. म्हणून मी नाक पुसलं आणि म्हटलं, "आतां खेळा. खरें खेळा."

आणि अप्पा खरे खेळायला लागले. देवा! साड्या उलगडून उलगडून झालेलं ते मनगट! खुर्ची त्यांना धड फिरवता येत नव्हती, पण चेंडू टप्प्यात आला की पदर फेकल्यासारखा तो सपकन यायचा आणि बरोबर माझ्या डावीकडे पडायचा. माझा डावा खांदा लवकर दुखतो. हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस आता एकही चेंडू उजवीकडे टाकायला तयार नव्हता. मी घामाघूम झाले. तिसरा गेम त्यांनी घेतला. चौथ्यात त्यांचा एक चेंडू कोपऱ्यातल्या कमळावर पडला. मी बाहेर म्हटलं, ते आत म्हणाले. सरांनी अम्माकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, "कमळ आंत. मी काढलें आहे, मज ठाऊक." मी तिला घरभेदी म्हटलं. चौथा गेमही अप्पांचा झाला.

दोन-दोन. आता बायकांच्या शिट्ट्या बंद झाल्या होत्या. मला हरायचं नव्हतं आणि कधी नव्हे इतकी मजा येत होती, दोन्ही एकाच वेळी. शेवटचा गेम ड्यूसवर अडकला, सुटला, परत अडकला. आम्ही दोघं धापा टाकत होतो. अप्पांचं नाम घामाने नाकापर्यंत उतरलं होतं. मग माझी आघाडी झाली. आणखी एक पॉइंट मिळाला की मद्रास.

मी चेंडू त्यांच्या उजवीकडे लांब टाकला. पहिला टप्पा पडला. अप्पा चाकाला झोंबले. दुसरा टप्पा खुर्चीपासून दूर, बाहेरच्या बाजूला पडला आणि उसळला. तो काही त्यांना मिळणार नव्हता. पण त्यांचा हात गेला, मनगट फिरलं, आणि चेंडू जाळीवरून असा आला की मी हातसुद्धा उचलला नाही. रेषेच्या आत, अम्माच्या शपथेने आत. अंगणात एकच ओरडा झाला. अप्पांनी दोन्ही हात आभाळाकडे केले.

सर शांतपणे म्हणाले, "पॉइंट तिचा."

"कसा काय?" अप्पा ओरडले. "आंत होता!"

"आत होता, काका. पण तुम्ही उभे राहिलात."

अप्पांनी खाली पाहिलं. ते खुर्चीपासून दोन पावलं दूर, सिमेंटवर सरळ उभे होते. स्वतःच्या पायांकडे ते असे बघत राहिले, की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्यांना न विचारता आलेत. मग घाईघाईने परत येऊन बसले, बसल्यावर पॉइंट परत मिळतो की काय म्हणून. मिळाला नाही.

"आजवर उभें राहिल्याबद्दल मज कोणी बोललें नाहीं," ते पुटपुटले.

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि मग ते थांबेचना. मला आयुष्यात कशाचाच इतका आनंद झाला नव्हता. मी जिंकले होते, आणि अप्पा हरायला तयार नव्हते, शेवटच्या चेंडूपर्यंत नव्हते. अम्मा कोलमचा डबा घेऊन कमळाशेजारीच बसली होती आणि पदराने डोळे पुसत मला वेडी म्हणत होती.

"हरलों," अप्पा म्हणाले. "ह्या वेळीं खराच हरलों. जा मद्रासला."

मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी चाकं फिरवली, एकदा चुकून भाताकडे तोंड झालं, पुन्हा फिरवली, आणि सरांच्या समोर जाऊन थांबले.

"साहेब," ते मराठीत म्हणाले, "ही गेल्यावर मी रोज सांजचे येथें येतों. उभें न राहतां खेळायचें मज शिकवा."

सर म्हणाले, "मग आधी पाय बांधून घ्या, काका."

अप्पांनी खांद्यावरचं अंगवस्त्र काढलं आणि वाकून दोन्ही पाय खुर्चीला घट्ट बांधले.